बसून बघा

—सैल? सैल कशाला हवी? द्यायला काय, देईन की, तिकडे फळीवर लागतील तेवढ्या आहेत, पण मग चार दिवसांनी परत याल आणि मलाच बोल लावाल, म्हणून आधीच सांगते — ही सायकलची चड्डी म्हणजे घरात घालायची विजार नव्हे, हवा खेळती राहावी म्हणून. हिच्यातली गादी अंगाला धरून राहिली पाहिजे. तुम्ही हललात की तीही हलली पाहिजे. सैल घेतलीत तर काय होतं? तुम्ही एकीकडे आणि गादी दुसरीकडे. मग घासतं, मग सोलवटतं, आणि मग — असो, ते पुढचं पुढे. आणि हो, आत काही घालायचं नाही हं. नेहमीची काढून ठेवायची आणि नुसती ही. इथे सगळ्याजणी लाजतात. परवा एक तर मला म्हणाली, काकू, मग रोज धुवावी लागेल की — म्हटलं, बाई गं, नाहीतर काय सणासुदीला धुणार होतीस? — तुम्हाला ठाऊक आहे हे? बरं झालं. एक तरी जाणतं गिऱ्हाईक आलं म्हणायचं.

या, इकडे पडद्याच्या आत या, पुढे ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तिथे सगळं तेलकट. इकडचं राज्य माझं. हे स्टूल बघताय ना, लाकडी, ह्यावर मी खोक्याचा पुठ्ठा ठेवते, हा असा आत लाटालाटांचा असतो तो. बसून बघा. नुसतं टेकू नका, पूर्ण भार टाका, टाचा उचला आणि पुढे वाका, सायकलवर वाकतो तशा. अजून थोडं. हं. आता उठा. दिसले दोन खळगे? ही तुमची बसायची हाडं. लोक कंबर मोजतात. कंबर घेऊन काय करायचंय? कंबरेवर बसतं का कुणी? बाईची ही हाडं पुरुषापेक्षा लांब लांब असतात, म्हणून तिची गादी मागे रुंद हवी, पुढे आखूड हवी, आणि मधोमध शिवण अजिबात नको. पण कापणारे पुरुषाच्याच मापाची कापतात, वरून एक गुलाबी पट्टी लावतात आणि म्हणतात, घ्या, बायकांची चड्डी. मी ती पट्टीही उसवते आणि गादीही.

थांबा जरा. हा खळगा बघा — डावा चांगला खोल आहे, उजवा नुसता उमटल्यासारखा. परत बसा बघू, मी दुसरा पुठ्ठा घालते. — तसंच. तुम्ही सगळा भार डावीकडे टाकता. उजवीकडे काही लागलंबिगलंय का? जुनं आहे? राहू द्या, मी विचारत नाही, बायका आपणहून सांगतात तेवढंच मी ऐकते. पण आता कळलं तुम्ही सैल का मागत होता आणि जाड गादी का मागत होता. भीती वाटते ना? जाड गादीनं भीती जात नाही हो. उलट जाड गादीत घाम साठतो, ती बसल्याबसल्या गोळा होते, आणि जिथे टोचायला नको तिथेच टोचते. तुम्हाला मी पातळ देते, घट्ट भरावाची, उजव्या बाजूला थोडी रुंद करून. कामासाठी हवी म्हणालात ना? आता ह्या वयात कामाला सायकलनं जाणारी बाई विरळाच. म्हणजे वय फार आहे असं नाही म्हणत मी. पोटऱ्या बघा तुमच्या, अजून दगडासारख्या आहेत.

ही घालून बघा. नाही, आरशात बघू नका, आरसा मी मुद्दाम लावलेलाच नाही. उभ्यानं छान दिसणारी चड्डी बसल्यावर वैरीण होते. चढा त्या घोड्यावर — घोडा म्हणजे तेच हो, सीट आणि पायडल लावलेलं ते लाकडी, ह्यांनी करून दिलंय. मारा पायडल. पोटाला काचतंय? मांडीवरची रबरी पट्टी वळ उठवतेय? कापड मागे ताणलं जातंय का, कंबर उघडी पडतेय का? अगदी निवांत मारत राहा, मी तोवर हे — ते? ते विकायला नाही. तिकडे लक्ष देऊ नका. जुनी आहे, उसवायला घेतलीय नुसती.

काय सांगत होते मी? हं, शिवण. शिवणीचं काय असतं — तुम्ही परत तिकडेच बघताय. बघा, बघा. विटलीय, काळ्याची मातकट झालीय, गुडघ्याशी फाटून सांधलीय, आणि मी, अख्ख्या वस्तीच्या बायकांना चड्ड्या बसवून देणारी, मी ही असली चिंधी मांडीवर घेऊन बसलेय. माझ्या लेकीची आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लेक म्हणजे एकच, भिंगरी म्हणतो आम्ही तिला, लहानपणापासून एका जागी ठरली नाही म्हणून. सायकलच्या संघात आहे. तिकडे घाटाचा रस्ता आहे ना, तिथे सराव करतात. परवा चाचणी आहे त्यांची, जी पहिल्या दोघींत येईल ती मोठ्या संघात जाणार, आणि आमची येणार, मी आई आहे म्हणून सांगत नाही, तिच्या मागे राहून दमलेल्या पोरीसुद्धा तसंच म्हणतात. हे सारं ठीक आहे. पण त्या संघात एक रीत आहे, ती कुणी लावली देव जाणे. फार पूर्वी एक मुलगी होती त्यांच्यात, थोरली म्हणतात तिला, नावसुद्धा घेत नाहीत, नुसतं थोरली. ती म्हणे ही चड्डी घालून सगळ्यांत मोठी शर्यत जिंकली आणि मग जाताना आपल्या पाठच्या मुलीला देऊन गेली. तिनं तिच्या पाठचीला दिली. तेव्हापासून ही अशी हातोहात चाललीय. जिच्यावर संघाचा जीव, तिला मिळते, आणि जिला मिळेल तिनं चाचणीला हीच घालायची. आता ह्या वेळी ती आमच्या भिंगरीला मिळाली. पोरगी नाचत घरी आली होती, मला उचलून फिरवलं तिनं इथे ह्याच खोलीत. मी हातात घेतली, आतून दाबून पाहिली. भिंगरीला होते त्याहून दोन मापं मोठी. गादीचा पार पापड झालेला, आणि मधोमध शिवण. पुरुषाची आहे हो ही मुळात.

म्हटलं, बाळा, हिची घडी घालून उशीखाली ठेव, आणि चाचणीला मी शिवलेली घाल. ऐकते कशाला? म्हणाली, आई, तुला नाही कळायचं. आता मला नाही कळायचं? चड्डीतलं? मी हसले तेव्हा. मला वाटलं, दोन दिवस घालेल, टोचेल, आपोआप काढेल. नाही काढली. सरावालाही तीच. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं — जेवते ती उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. अभ्यास करते तो पालथं पडून. हे म्हणतात, पोरीला कसली घाई असते बघ. त्यांना काय सांगू? बापाला सांगता येतं का असलं? आणि मग मी धुवायला घेतली तेव्हा गादीवर डाग होता. पाळीचा नव्हे, तेवढं मला कळतं. पिवळा, कडेनं लाल. दार लावून घेतलं आणि म्हटलं, दाखव. नाही म्हणाली. मी म्हटलं, मी तुला न्हाऊ घातलंय, माझ्यापुढे कसली लाज. तेव्हा दाखवलं.

उजवीकडे, बरोबर हाडावर. गळू आहे. लिंबाएवढं, वरून लालबुंद, तापलेलं, हात लावला तर पोरगी भिंतीला धरून उभी राहिली. काल रात्री अंगही गरम लागलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं लोक हसत हसत म्हणतात, मीही म्हणायचे, आता नाही हसू येत. आमच्याकडे जावईही नाही आणि डॉक्टरकडे ती जायला तयार नाही. कारण डॉक्टर चिरणार, आणि चिरलं की परवा सीटवर बसता येणार नाही. आणि बसली नाही तर निवड गेली, पुढच्या खेपेला वय निघून जातं. इथपर्यंत तिचं म्हणणं मलाही कळतं. म्हणजे ती वेडी नाही. पण ते आत फुटलं तर? ते विष आत भिनलं तर? सीटवर तासभर रगडून, ताप अंगात घेऊन, उतारावर एवढ्या वेगानं — मला डोळ्यांपुढे तेच दिसतं. रात्री उठून तिचा श्वास बघून येते मी, तान्ह्या पोराचा बघतात तसा.

सांगा की तिच्या मॅडमना? तेच तर. तिनं शपथ घातलीय. नवीन मॅडम आल्यात त्यांना शिकवायला, ह्याच महिन्यात, फार कडक आहेत म्हणे. एकीच्या गुडघ्याला पट्टी दिसली तर उभ्या उभ्या घरी पाठवलं. भिंगरी म्हणाली, आई, मॅडमच्या कानावर गेलं तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. आणि ती करते बरं का, बोलली की करते, माझीच पोर आहे. मी म्हटलं, बरं बाई, मॅडमपुढे एक शब्द काढणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय बघा माझा. त्या मॅडमना मी पाहिलंसुद्धा नाही, मला तिकडे फिरकू देत नाही ती. नाहीतर मी पाय धरले असते त्यांचे. म्हटलं असतं, तिला सांगा हो, माझं ती ऐकत नाही. सोनारानंच कान टोचलेले बरे असतात, आईनं टोचले की पोर नुसतं रडतं.

म्हणून हा उद्योग. ती एकटीच सरावाला गेलीय दुसरी चड्डी घालून, ही धुवायला म्हणून माझ्याकडे सोडून. मी काय केलं, तिला न सांगता ही उसवायला घेतली. वरचं कापड तेच ठेवायचं, आत चांगली गादी घालायची, उजवीकडे गळवाच्या जागी गादीला भोक ठेवायचं म्हणजे भार कडेला जाईल, आणि दोन्ही बाजूंनी आवळायची. बाहेरून कुणाला कळायचं नाही. तिला मात्र पायात घालताच कळेल. आणि मी हे का करतेय, हेही मला कळत नाही. म्हणजे बघा, मी तिला बसायला मदत करतेय की नको तिथे ढकलतेय? चांगली शिवली तर ती चाचणीला बसणार. वाईट शिवली तरी बसणारच. सकाळपासून एक टाका उसवते आणि थांबते, एक उसवते आणि थांबते.

उतरलात का? नीट बसली ना चड्डी? तोंडावरून तर काही — काय झालं? रंग का उडालाय तुमचा? चक्कर आली का? पाणी देते. — ही बघायचीय? घ्या. बघण्यासारखं काय आहे तिच्यात, सांभाळून, टाचण्या आहेत. नाही, तिकडे काही नाही, ते डाव्या पायाचं टोक नुसतं, रबरी पट्टी आहे ती, उलटू नका, आत —

तुम्हाला कसं कळलं तिथे टाके आहेत ते?

मलासुद्धा धुताना सापडले होते. पट्टीच्या आत, वेगवेगळ्या दोऱ्यांचे, एकाखाली एक. भिंगरीला विचारलं तर म्हणाली, जिची निवड होते तिनं आपला एक टाका घालायचा असतो, आणि हे बाहेरच्या कुणाला सांगायचं नसतं. बाहेरच्या कुणाला. सगळ्यांत वरचा, म्हणजे पहिला, लाल आहे, फुलीचा. तुम्ही बरोबर त्याच्यावरच बोट ठेवलंत.

तुम्ही कामासाठी म्हणालात. कसलं काम करता तुम्ही? मी आपली समजले ऑफिसला जात असाल सायकलनं. तोंडाला माझ्या कुलूप नाही ते नाही. इतका वेळ मी कुणापुढे — मुलींच्या मागोमाग सायकलवर जावं लागतं म्हणून हवीय होय चड्डी. म्हणजे तुम्ही मॅडम. आणि हा टाका तुमचा, म्हणजे थोरलीसुद्धा तुम्हीच. पोरींना माहीत नाही हे? नाही, मला कळत नाहीये, त्या थोरली म्हणताना आवाज खाली आणतात आणि तुम्ही रोज त्यांच्यापुढे शिट्टी घेऊन उभ्या असता आणि एकदाही सांगत नाही?

शर्यती सुटल्या? कशानं? ह्याच चड्डीनं?

थांबा. हळू बोला, बाहेर हे आहेत. — उजवीकडे. म्हणून तो पुठ्ठा तसा. म्हणजे ती मोठी शर्यत जिंकलीत ते खरं, आणि जिंकून खाली उतरलात त्या परत सीटवर — किती वेळा चिरलं म्हणता? आणि मग ही चड्डी पाठच्या मुलीला दिलीत ती शकुनाची म्हणून नव्हे, तुम्हाला ती परत बघायचीच नव्हती म्हणून. अगं बाई. आणि त्यांनी तिचा शकुन केला. कुणालाच खरं सांगितलं नाहीत का हो? — हं. बरोबर आहे. अवघड जागा. कुठली मुलगी सांगेल? मी तरी शिवायला बसून सगळ्यांना ऐकवते, आणि नवऱ्याला सांगायची वेळ आली तर विषय बदलते.

नका, डोळे पुसा. माझ्याच्यानं बघवत नाही. तुम्हाला मी बोल लावत नाही, तुम्हीसुद्धा तेव्हा हिच्याएवढ्याच असाल, आणि तुमच्या आईनं पुठ्ठा नसेल धरला खाली. पण एवढंच सांगा, ते आत फुटलं की काय होतं? — खरं सांगा, मी ऐकते. — एवढं? परवापर्यंतसुद्धा थांबायचं नाही? आज म्हणजे आत्ता?

नाही, मग ऐका, तुम्ही जा. तुम्ही आत्ता जा, मी काही बोलले नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. उद्या सकाळी तिकडे तुमचं तुम्ही काय ते बघा, म्हणा सगळ्यांची तपासणी आहे, म्हणा नियम आहे. माझं नाव नको. मी शब्द दिलाय तिला. एकच पोर आहे हो, ती बोलायची थांबली तर हे घर — उद्यापर्यंत थांबता येत नाही म्हणालात, नाही का? हो. म्हणालात तुम्ही. आत्ताच म्हणालात.

ऐका. आली. ब्रेक लावल्याचा आवाज ओळखते मी, मागचा जरा किंचाळतो, ह्यांना किती वेळा सांगितलं. आता कुठे जाता, पडदा एकच आहे. राहा उभ्या तिथे, घोड्याशी.

ये, आत ये, भिंगरे. अशी दारात का थबकलीस? हो, तुझ्याच मॅडम आहेत. चड्डी घ्यायला आल्यात, गिऱ्हाईक म्हणून आल्या, मला काय माहीत कोण ते. नाही, मी मॅडमना काही सांगितलं नाही. माझ्याकडे बघून बोल, मी दुकानात आलेल्या बाईशी बोलत होते. — ती? हो, उसवलीय मी. ओरड माझ्यावर, नंतर ओरड. मी शब्द मोडला नाही आणि मोडणारही नाही, एक अक्षर बोलत नाही बघ त्यांच्यापुढे. माझं आपलं शिवणाचं काम. इतक्या बायकांची मापं घेतली आणि तुझंच घ्यायचं राहून गेलं, ते घेते नुसतं. मॅडम, जरा सरकता? स्टूल तिच्याकडे करते. हा पुठ्ठा नवा घातलाय, कोरा.

बस.

पूर्ण भार टाकून, बाळा. आम्ही दोघी इथेच आहोत.

बस ना.